गाडीला घरच्या घरी पॉलिश, ग्लेझ, वॅक्स : कुणी केलंय का?

घाटमाथा | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, आमची २०१६ ची स्विफ्ट आहे, गडद निळी. परवा पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. वरच्या दिव्याचा उजेड बॉनेटवर पडला आणि पोटात गोळाच आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशा गोल गोल बारीक रेषा, शेकड्यांनी. नखाला लागेल असा ओरखडा एकही नाही. सावलीत गाडी अगदी सभ्य दिसते, म्हणून आठ-नऊ वर्षं लक्षातच आलं नाही.

गाडी कोथरूडला सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते, गुलमोहराखाली. रोज सकाळी एक दादा पुसून जातात, महिन्याला सहाशे रुपये. रविवारी मी स्वतः बोअरच्या पाण्याने धुतो.

चौकशी केली तर एका दुकानात म्हणाले रबिंग-पॉलिश करा. दुसऱ्याने थेट सिरॅमिक कोटिंगचा (रंगावर कडक संरक्षक थर) अठरा हजारांचा आकडा सांगितला. तिसरा म्हणाला, "साहेब, नुसतं ग्लेझ मारून देतो, नवीन दिसेल." घरी येऊन पाच व्हिडिओ बघितले आणि होतं ते ज्ञानही गेलं. पॉलिश, ग्लेझ आणि वॅक्स ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत का? हाताने जमतं की मशीन हवंच? आणि मुख्य भीती म्हणजे, घासता घासता रंगच गेला तर?

बायकोचं म्हणणं, गाडीचं फेशियल करण्याआधी पंक्चर स्टेपनी काढून आण.

रिकामा_रविवार | शनिवार, रात्री ११:०५

स्टेपनीबद्दल वहिनींना +१.

जुनी_पद्मिनी | रविवार, सकाळी ६:५०

वाचतोय. सांगण्यासारखं थोडं आहे, पण आधी जाणकार येऊ देत.

बफवाला_भोसरी | रविवार, सकाळी ९:२०

अकरा वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या शॉपमध्ये काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी रंग कसा असतो ते बघा. पत्र्यावर ई-कोट (गंजरोधक थर), त्यावर प्रायमर, त्यावर बेसकोट म्हणजे तुमचा निळा, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमची सगळी चकाकी केसापेक्षा पातळ थरात आहे. ते जाळं दिसतंय तेही याच थरात, अगदी वरवर. सुटा ओरखडा नजरेत भरत नाही, पण प्रत्येक बारीक चरीच्या काठावरून उजेड वेगळा परततो. दिव्याभोवतीच्या रेषा तेवढ्या चमकतात म्हणून ते गोल दिसतं. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात.

आता तुमची तीन नावं. पॉलिश म्हणजे घासून कमी करणं. त्यात बारीक अपघर्षक असतं, ते चरीच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणतं, म्हणून चर नाहीशी होते. ग्लेझमध्ये तेलं आणि भरणद्रव्यं असतात, ती चरीत जाऊन बसतात. चर तिथेच राहते, दिसत मात्र नाही. वॅक्सचा ओरखड्यांशी संबंधच नाही. ते वर पांघरूण घालायचं काम करतं, पाणी, धूळ आणि पक्ष्यांची घाण थेट रंगाला लागू नये म्हणून.

दुकानातला तिसरा माणूस खोटं बोलला नाही. नवीन दिसेल म्हणाला, आणि दिसतेच. किती दिवस, ते तुम्ही विचारलं नाही.

रंग जाईल का? मऊ फोमने, बारीक पॉलिशने एकदा केलं तर एक ते तीन मायक्रॉन जातात. म्हणजे गाडीच्या आयुष्यात हे मोजक्या वेळा करायचं काम आहे, दर दिवाळीला नाही. पण कडा सांभाळा. बॉनेटची धार, दारावरची ठसठशीत घडी, बंपरचे कोपरे, इथे रंग मुळातच पातळ बसतो. तिथे मास्किंग टेप लावा.

घाटमाथा | रविवार, सकाळी ९:४८

दंडवत! म्हणजे शोरूमवाल्यांनी दरवर्षी 'टेफ्लॉन' म्हणून जे केलं, ते नक्की काय होतं?

बफवाला_भोसरी | रविवार, सकाळी १०:०२

मी तिथे नव्हतो, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण पावणेदोन तासांत धुणं, बफ आणि कोटिंग सगळं उरकलं असेल तर बहुतेक ग्लेझची भावकी. रोटरी मशीन घाईत फिरवलं की उन्हात मोरपिसासारखे पट्टे दिसतात, आमच्यात त्यांना होलोग्राम म्हणतात. तुमच्या डिकीवर असतील, बघा.

घाटमाथा | रविवार, सकाळी १०:१५

आहेत. :(

ठाणेकरीण | रविवार, दुपारी १२:३०

पांढऱ्या गाडीला ओरखडे दिसत नाहीत म्हणून मी खुश होते. पण माझ्या गाडीवर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके आहेत, मागच्या दारावर आणि डिकीवर जास्त. धुऊन जात नाहीत. पार्किंग रेल्वेलाइनला लागून आहे. पत्रा गंजतोय का?

बफवाला_भोसरी | रविवार, दुपारी १:१०

ताई, पत्रा ठीक असणार. रुळांवर चाकं आणि ब्रेक घासून लोखंडाचे कण उडतात, ते क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथे गंजतात. गंज त्या कणाचा असतो. आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो, मारला की ठिपक्यांवरून जांभळे ओघळ येतात. घाबरू नका, ते रसायन लोखंडाशी बोलतंय. तीन-चार मिनिटांत, सुकायच्या आत धुऊन टाका. वास मात्र सडक्या अंड्यांच्या जवळचा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आणि हे सावलीत, गार पत्र्यावरच करायचं.

ठाणेकरीण | रविवार, दुपारी १:१४

शेजाऱ्यांना मुद्दाम सांगणार नाही. ;)

लातूरकर_मी | रविवार, दुपारी २:००

तुमचं चालू द्या. पण २०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात घरातली एक बादली तीन कामांना वापरलेली आहे. तेव्हापासून नळी लावून गाडी धुणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. तुमच्या पॉलिशच्या आधी किती वेळा धुवायची गाडी?

रिकामा_रविवार | रविवार, दुपारी २:०८

झालं, आता धागा पाण्यावर जाणार.

बफवाला_भोसरी | रविवार, दुपारी ३:३०

जाऊ दे की, मुद्दा बरोबर आहे. नळी लागतच नाही. रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं, बाटलीच्या बुचभर बादलीत टाकायचं. आठ-दहा लिटरमध्ये अख्खी गाडी होते आणि नंतर पाणी ओतावं लागत नाही. त्यात धुळीचा कण वेढला जातो आणि रंगावरून सरकत बाहेर येतो. अट एकच, गाडी चिखलाने लिंपलेली नको. दोनशे लिटर ओतून त्याच मळक्या फडक्याने पुसणाऱ्यापेक्षा हा माणूस रंगाचंही जास्त भलं करतो.

लातूरकर_मी | रविवार, दुपारी ३:४१

हे माहीत नव्हतं. घेतो. धन्यवाद.

शंकेखोर | रविवार, संध्याकाळी ५:२०

काही शंका, नेहमीप्रमाणे.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग पडतात, त्याला सगळे म्हणतात 'पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करतो आणि रंग जाळतो'. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबाचं भिंग उन्हाला पत्र्यावर एका बिंदूत आणूच शकत नाही, त्याचा नाभी पत्र्याच्या खाली पडतो. डाग पडतो तो पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नवा डाग असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओलं फडकं दोन-तीन मिनिटं ठेवावं आणि धुवावं. उन्हाने तापून डाग क्लिअर कोटमध्ये उतरला असेल तर व्हिनेगर फक्त वरची पांढरी कड काढतं, खड्डा राहतो.

यातून एक गंमत निघते. वॅक्स केल्यावर पाण्याचे मोत्यासारखे गोल थेंब उभे राहतात आणि लोक फोटो काढतात. पण बोअरच्या पाण्याचे ते मोती मे महिन्यात तसेच वाळू दिले, तर प्रत्येक मोती एकेक गोल डाग देऊन जातो. वॅक्स केलेली गाडी जास्त काळजीपूर्वक पुसावी लागते, कमी नाही.

दुसरं, डब्यावर '१०० टक्के कार्नोबा' लिहिलेलं असतं त्याबद्दल. कार्नोबा ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे. पानं वाळवून झोडपली की भुकटी सुटते. वितळायला ८२ ते ८६ अंश लागतात आणि गार झाल्यावर विटेसारखं कडक. नुसतं कार्नोबा गाडीवर पसरवताच येणार नाही, त्यात तेल आणि द्रावक मिसळावंच लागतं. तेव्हा ते १०० टक्के कशाचे, हे डबेवाल्याला विचारा. (अवांतर: चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर आणि औषधाच्या गोळ्यांवरही हेच मेण असतं. म्हणजे आपण सगळे आतून वॅक्स केलेले आहोत.)

मिसिसागाचा_मावळा | रविवार, संध्याकाळी ७:४५

इकडे कॅनडात वॅक्सचं गणित हिवाळ्यावर बसतं. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, ते चार महिने गाडीला चिकटून असतं. कार्नोबा इथे सहा आठवड्यांत गायब होतो, म्हणून मी ऑक्टोबरात सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी लावायचं कृत्रिम पांघरूण) लावतो, तो मार्चपर्यंत टिकतो. दिसायला कार्नोबाची ऊब नाही, थोडा काचेसारखा कोरडा वाटतो, पण बर्फात गाडी कोण बघतंय!

एक सांगायचं होतं. ग्लेझवर सीलंट लावू नका. मी लावला होता. सीलंटला रंग धरायचा असतो, आणि मध्ये तेलाचा थर बसलेला. दुसऱ्या धुण्यात दोघेही गेले. ग्लेझ लावायचंच तर वर साधं मेण.

सिंधुदुर्गी | रविवार, रात्री ९:१०

आमच्याकडे खारा वारा आणि जांभ्याची लाल धूळ, दोन्ही फुकट. ती धूळ सुक्या कापडान पुसलास तर रंगावर सँडपेपर फिरवल्यासारखा होता, हे मी शिकलंय माझ्याच गाडीवर. आता आधी पाणी, मग बाकी सगळा.

आणि दसऱ्याबद्दल कुणीच बोलला नाही! पूजा केली, हळद-कुंकवाची बोटं बॉनेटवर ओढली आणि गाडी उन्हात चार दिवस. हळदीचा पिवळेपणा उन्हातच उतरतो, त्याची काळजी नको. कुंकवाचा रंग मात्र पांढऱ्या गाडीवर गुलाबी खूण ठेवून जातो. झेंडूच्या तोरणाची तार बॉनेटवर घासून पडलेले ओरखडे माझ्याकडे तीन दसऱ्यांचे आहेत, मोजून दाखवीन. आता बोटं काचेवर ओढतंय आणि हार दोऱ्यात ओवतंय. देवाची हरकत दिसली नाही.

बाराचा_पाना | रविवार, रात्री ११:३०

माझी कथा सांगतो, म्हणजे कुणी करणार नाही. घरी ड्रिल होतं. ऑनलाइन लोकरीची टोपी मागवली, ड्रिलला बसवली, जाड दाण्याचं कंपाउंड (पॉलिशपेक्षा खरखरीत, रबिंगचं) घेतलं आणि उजव्या मडगार्डवर सुरू झालो. पहिली पाच मिनिटं कौतुक वाटलं. मग घडीच्या रेषेवर एक करडी पट्टी दिसायला लागली. मला वाटलं मळ आहे, म्हणून आणखी जोर दिला. तो प्रायमर होता.

टचअपला साडेचार हजार गेले.

बफवाला_भोसरी | सोमवार, सकाळी ८:००

ड्रिलचं चाक एकाच बिंदूभोवती फिरतं, सगळी उष्णता एका जागी. त्यात लोकर, त्यात जाड कंपाउंड, त्यात कड. चौघांनी मिळून काम तमाम केलं. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय छोट्या वर्तुळात डुलतं, जास्त दाबलं तर फिरायचंच थांबतं. हाच त्याचा मोठेपणा.

हाताने? होतं. जाळं पूर्ण जात नाही, पण निम्मं कमी होतं आणि रंगाची खोली परत येते. निळ्या गाडीला तेवढ्याने फरक पडतो. वेळ मात्र द्यावा लागेल.

घाटमाथा, तुमच्यासाठी क्रम लिहितो. आधी नीट धुवा, दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला. धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले (रुतलेला मळ ओढून काढणारी चिकणमातीसारखी लगदी) लावावा लागणार. कणकेच्या लाटीएवढा गोळा चपटा करून शाम्पूच्या पाण्यावर हलकेच सरकवायचा, मळला की घडी घालून नवी बाजू. जमिनीवर पडला की कचऱ्यात. धुऊन परत वापरायचा मोह होतो, त्यात एकच खडा पुरतो.

मग दोन फूट बाय दोन फूट जागा टेप लावून आखून घ्या, तिथेच पॉलिश करून बघा. सगळ्यात सौम्य जोडीने सुरू करा, मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश. जमलं तर कंपाउंडचा डबा उघडूच नका. आपल्याकडे लोक उलटं करतात, आधी रबिंग आणि मग 'फिनिशिंग बघू'.

पॉलिश पुसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, साधारण दहा-पंधरा टक्के, त्याने जागा पुसा. तेलं निघून जातात आणि खरं काय उरलंय ते दिसतं. जुनी गाडी विकत घेतानाही हे करून बघावं, विकणाऱ्याने परवानगी दिली तर. तोंड कसं होतं तेही बघा.

वॅक्स अगदी पातळ. जाड लावल्याने संरक्षण वाढत नाही, पुसताना खांदा तेवढा निखळतो. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग महिनोन् महिने टोमणे मारतात. आणि रंगकाम नवीन असेल तर निदान दोन महिने वॅक्स नको, आतला द्रावक उडून जाऊ दे.

जुनी_पद्मिनी | सोमवार, सकाळी ११:२५

आता बोलतो. माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांची. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या तेव्हा शेजारचा मुलगा विचारायला आला, "आजोबा, तुमचीही नेणार का?" आमची खाजगी, ती दारात आहे.

वर सगळ्यांनी ग्लेझला ठोकलं आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो. या गाडीला क्लिअर कोट नाही. रंग म्हणजे रंगच, वरपासून खालपर्यंत. पॉलिश केलं की फडकं लालभडक होतं, आणि ते बघून काळजात चर्र होतं, कारण फडक्यावर आलेला प्रत्येक डाग माझ्या गाडीतून गेलेला असतो. एकदा एका हौशी मित्राने दोन तास घासली आणि छताच्या कडेला खालचा थर उघडा पडला. तेव्हापासून मी घासत नाही. वर्षातून दोनदा हाताने ग्लेझ चोळतो, रात्रभर तसंच ठेवतो, सकाळी पुसून वर कार्नोबा. कोरडा पडलेला जुना रंग तेल पितो आणि ओला दिसायला लागतो. सहा आठवड्यांनी परत फिका पडतो, पडू दे. माझ्या वयाला सहा आठवडे पुष्कळ.

ओरखडे तसेच आहेत. डाव्या दारावरचा एक तर माझ्या बहिणीच्या लग्नातल्या रोषणाईच्या शिडीचा आहे. तो मी विकतच काय, फुकटही कुणाला घासू देणार नाही.

बफवाला_भोसरी | सोमवार, दुपारी १२:००

काका, शब्द मागे घेतो. अशा गाडीला ग्लेझच बरोबर.

शंकेखोर | सोमवार, दुपारी १२:२०

'रंग तेल पितो' हे रसायनशास्त्राला फारसं मान्य होणार नाही, पण फोटो टाका.

घाटमाथा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०

झालं एकदाचं! मशीन मित्राकडून आणलं, पॅड, फिनिशिंग पॉलिश, क्ले आणि कार्नोबाचा डबा मिळून साडेतीन हजार गेले. दोन रविवार. बॉनेटला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, शेवटचं दार अठरा मिनिटांत. पेट्रोल पंपावर मुद्दाम रात्री जाऊन आलो. जाळं साधारण ऐंशी टक्के गेलं. डिकीवर दोन पट्टे उरलेत, ते जोर लावल्याशिवाय जाणार नाहीत आणि जोर मी लावणार नाही. बाराच्या पान्याची गोष्ट डोक्यात बसली आहे.

एक चूक केली. वॅक्स लावून चहाला गेलो, परत येईपर्यंत ऊन सरकून छतावर आलं होतं. ते मेण पुसताना मी रडकुंडीला आलो.

आता खरा प्रश्न. आमचे दादा. पहाटे सहा ते आठ, बावीस गाड्या, एक बादली, एक फडकं. नवव्या गाडीला पहिल्या आठांची धूळ लागणार, त्यात त्यांचा काय दोष? मी त्यांना ४०० जीएसएमची (म्हणजे जाड, चौरस मीटरला ४०० ग्रॅम) दोन मायक्रोफायबर फडकी आणि वेगळी बादली दिली, सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून बघतो तर तेच फडकं घेऊन शेजारच्यांची चिखलाने भरलेली स्कॉर्पिओ पुसतायत. म्हणाले, "साहेब, फडकं एक नंबर आहे, एका हातात साफ."

ठाणेकरीण | रविवार, रात्री ८:५५

:D :D माझे ठिपके गेले बरं का. जांभळे ओघळ बघून वॉचमनने 'गाडीला रक्त येतंय' म्हणून इंटरकॉम केला.

लातूरकर_मी | रविवार, रात्री ९:०५

दादांना रिन्सलेसची बादली द्या. पाणीही वाचेल, त्यांची खेपही.

घाटमाथा | रविवार, रात्री ९:३०

विचार केला होता, पण बावीस गाड्यांचं द्रावण माझ्या खर्चाने कसं करू? शेवटी तोडगा काढला. पैसे तेवढेच, पण त्यांनी फक्त काचा, आरसे आणि चाकं पुसायची, रंगाला हात लावायचा नाही. त्यांना ते काही पटलेलं नाही. रोज सकाळी धुळकट बॉनेटकडे बघून मान हलवतात. काल बोटाने त्यावर स्वस्तिक काढून गेले.

सिंधुदुर्गी | रविवार, रात्री ९:३४

सुक्या धुळीत? बोटान?

घाटमाथा | रविवार, रात्री ९:३६

सुक्या धुळीत. बोटाने.

बफवाला_भोसरी | रविवार, रात्री ९:५०

फिनिशिंग पॉलिश उरलंय ना थोडं?